मंगोलियाची पाहुणी आणि धनजची घरची

कारंजा लाड
वैशाख शुद्ध पंचमी

तीर्थस्वरूप पुष्पाताईंच्या चरणी भावजय प्रेमाचा जय जिनेंद्र आणि वाकून नमस्कार (कंबर परवानगी देईल तितकं वाकून). तुमच्या गुडघ्यांना आता कसं आहे? मी पाठवलेला पट्टा बांधता ना, की तो कपाटात नव्याचा नवा पडून आहे? तुमच्याकडच्यांची साखर किती निघाली? त्यांना म्हणावं, लग्नसराईचे दिवस आहेत, पंगतीत जिलबी दिसली की मान दुसरीकडे वळवायची. आम्ही सगळे इथं बरे आहोत. ह्यांचा खोकला गेला, कूलरची गवताची तट्टी मागच्याच वर्षीची धुऊन लावली, कैऱ्या अजून महाग आहेत म्हणून लोणचं थांबलं आहे. एकूण सगळं ठीक आहे आणि मला कोणाबद्दल काहीही तक्रार नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढं वाचताना तुमचा तसा गैरसमज होण्याचा संभव आहे.

तुम्ही म्हणाल, हातात मोबाईल असताना प्रेमाला पत्र लिहायची कुठून अवदसा आठवली. पण ताई, फोनवर बोलायचं तर तुमचा फोन सदा स्पीकरवर, आणि 'आपला परिवार' ग्रुपवर लिहावं तर तो ग्रुप आता परिवाराचा राहिलाच कुठं! सकाळी उठून देवाचं नाव घ्यायच्या आधी तिथं इंझोरीहून फोटो येऊन पडलेला असतो. चिमणी गवतात, चिमणी ढेकळावर, चिमणी उडताना, चिमणी उडाल्यावर (नुसतं ढेकूळ), आणि प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात आपल्या कांचनबाईंचा पदर किंवा निदान सावली. (कांचन माझी धाकटी जाऊ, मी तिला इतकी वर्षं नुसतं कांचन म्हणत आले. पण पेपरात नाव छापून आल्यापासून 'बाई' म्हणते. आपण कोणाचा मान ठेवायला कमी पडू नये.) म्हणून हा कागद. मॅट्रिक झाल्यापासून एवढं मोठं काही लिहिलं नव्हतं, शुद्धलेखन सांभाळून घ्यावं.

मुद्दा एकच आहे. तुमची रुचा माझ्या घरातून कांचनबाईंच्या घरी म्हणून गेली ती परत आलीच नाही, आणि मला ती परत पाहिजे. आता हे कसं झालं ते सविस्तर लिहिते.

दिवाळी झाल्यावर रुचा आली तेव्हा मी वरची खोली, म्हणजे आमच्या मयंकची, चुना मारून घेतली होती. मयंक नोकरीला हैदराबादेत गेल्यापासून त्या खोलीत मी पापड वाळवत होते. ते काढले, नवी गादी भरली. पोरगी थोरल्या मामीकडे उतरणार, त्यात विचारायचं काय! अभ्यासाला तिला पक्षी मिळाला होता. मी म्हटलं मोर असेल, निदान पोपट. तर म्हणाली, "मामी, तिरचिमणी." मी विचारलं ती कोणती, तर तिनं लॅपटॉपवर दाखवली. ताई, खरं सांगते, मला दया आली. मातीच्या रंगाची, अंगावर रेघा, शेपूट सारखी खालीवर करत ढेकळांतून पळणारी. चिमणी धुवायची राहून गेली तर अशी दिसेल. सरकार ह्याला शिष्यवृत्ती देतं हे ऐकून ह्यांनी तर ताटावरूनच हात जोडले.

पण रुचा बोलायला लागली की तुम्हाला ठाऊक आहे, ऐकत राहावं. दिवस मावळायच्या आत आमची ताटं होतात, त्यानंतर झोपेपर्यंत ती नकाशा उघडून बसायची. म्हणाली, ह्या पक्ष्याच्या चाळीसच्या वर जाती आहेत आणि पृथ्वीवर एक दक्षिण ध्रुव सोडला तर हा कुठं नाही असं नाही. ध्रुवाजवळच्या एका बर्फाच्या बेटावरसुद्धा एक राहते, त्या बेटावर गाणारा पक्षी म्हणून तेवढा एकच. तिथं जहाजांतून उंदीर आले, अंडी खाऊन तिचा वंश संपवायला निघाले, तेव्हा लोकांनी विष टाकून उंदीर मारले आणि ती वाचली. (मी कानांवर हात ठेवले आणि रात्रीच्या प्रतिक्रमणात उंदरांसाठी नवकार म्हटला. तिरचिमणीसाठीही एक म्हटला, तिचा काय दोष.) युरोपातली एक समुद्राच्या खडकांवर लाटांच्या तोंडाशी राहते, म्हणजे सासर वाईट मिळालेली. आफ्रिकेत केनियाकडे एक पिवळीधमक आहे, ती माहेरची श्रीमंत. अमेरिकेच्या गवताळ मैदानातला नर आभाळात चढला की तास-तास गात राहतो, खालीच उतरत नाही (कांचनबाईंकडचे आपले राजपालभाऊजी सत्कार समारंभात माईकपुढं उभे राहतात तसा). ऑस्ट्रेलियात आहे, न्यूझीलंडात आहे, हिमालयात आहे. नीलगिरीची म्हणून जी आहे ती तर दक्षिणेतल्या उंच डोंगरांवरचं गवत सोडून कधी खाली उतरत नाही. जन्म तिथं, संसार तिथं. ती मला फार आवडली. आणि एक इंग्लंडकडची. तिच्या घरट्यात कोकिळा गुपचूप अंडं टाकते, आणि ही बिचारी स्वतःपेक्षा चौपट मोठं पोर, आपलंच समजून, चारा भरवत बसते. त्या वेळी मी हसले होते. आता हसू येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून रुचा ह्यांची स्कूटी घेऊन धनजला आपल्या वावरात जायला लागली. तुम्हाला माहीत आहे आपलं वावर कसं आहे. धुरे-बांध कसे पाटीवर रेघ मारल्यासारखे. तुरीत गवताची काडी दिसणार नाही, हरभऱ्यात बोट ठेवायला कचरा नाही, फवारणी वेळच्या वेळी (त्या पापाचं प्रायश्चित्त मी दर अष्टमी-चतुर्दशीला करते, पण फवारणी चुकवत नाही). ह्यांना त्या वावराचा किती अभिमान! येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. रुचा आठवडाभर गेली आणि कपाळाला हात लावून परत आली. "मामी, तुमच्या शेतात काहीच नाही गं," म्हणाली, "फार स्वच्छ आहे." ताई, स्वच्छतेबद्दल कोणी तोंड पाडल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. ह्या पक्ष्याला म्हणे पडीक जमीन लागते, गवत लागतं, धसकटं लागतात, शेणाचे पो लागतात, किडे लागतात. आणि असं सगळं एका ठिकाणी कुठं असेल? बरोबर. इंझोरीला.

वाटणीत इंझोरीचं वावर राजपालभाऊजींना गेलं तेव्हा ते सोन्यासारखं होतं. मी कोणाला आळशी म्हणत नाही. पण अर्धं वावर चार वर्षं पडीक आहे, फवारणीचा पंप कोनाड्यात गंजला आहे, आणि बांधावरच्या गवतात परवा एक वासरू हरवलं होतं. कांचनबाईंनी फोन करून रुचाला बोलावलं, रुचा एका दिवसासाठी म्हणून गेली, आणि संध्याकाळी तिचा मला फोन: "मामी, माझी बॅग पाठवशील का? इथं मंगोलियाची आहे!" मला वाटलं मंगोलियाची कोणी मैत्रीण भेटली. मी म्हटलं, तिलाही घेऊन ये, वरची खोली मोठी आहे.

तर मंगोलियाची म्हणजे चिमणीच. उन्हाळ्यात तिकडं अंडी घालते आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्याकडं येते. एवढ्या लांबून उडत यायचं आणि उतरायचं कुठं, तर कांचनबाईंच्या पडीक वावरात! सोबत आमराईत झाडावर बसणारी एक जात, वाळूच्या रंगाची आणखी एक, सगळ्या परदेशी. मग आठवडाभरात पेपरात मथळा, 'इंझोरीत मंगोलियाची पाहुणी', आणि खाली फोटो. फोटो पाहुणीचा नाही, ताई. फोटो कांचनबाईंचा, अंजिरी पैठणी नेसलेल्या, एक हात कपाळावर धरून आभाळाकडं पाहत. चिमणी मागं ठिपका आहे, तोसुद्धा शाईचा असावा अशी मला शंका आहे. आत लिहिलं होतं, 'जीवदयेचे व्रत म्हणून ह्या कुटुंबाने कीटकनाशके वर्ज्य केली आहेत.' मी ते वाक्य ह्यांना दोनदा वाचून दाखवलं. हे उठून दुकानात जाऊन बसले.

मंदिरात महिला मंडळाच्या बायका मला विचारू लागल्या, "तुमच्या जाऊबाईंची पाहुणी कशी आहे?" एकीनं तर विचारलं, "ती जैन आहे का?" आणि रुचा तिकडंच. फोन केला की म्हणायची, "लहान मामी सकाळी थर्मासमधून चहा घेऊन येते गवतात." मी म्हटलं ठीक आहे, पक्षी जिथं तिथं पोरगी. मग पक्षीच इकडं आणावा.

पहिल्यांदा मी धनजला धुऱ्यावर चांगली निवडलेली जुवारी घातली आणि मातीच्या परळात पाणी ठेवलं. कबुतरं आली. चिमण्या आल्या, धुतलेल्या, म्हणजे साध्या. पोपट आले आणि जाताना हरभऱ्याचे घाटे घेऊन गेले. बाजूच्या वावरातली बकरी आली. आमचा सालदार धरमसिंग झाडाखाली बसून पाहत होता, म्हणाला, "बाई, जुवारी टाकली त कबुतरंच यीन. मंगोल थोडीच यीन?" मी रुचाला फोनवर आडून विचारलं की पाहुणीला कोणतं धान्य आवडतं. ती खळखळून हसली. "अगं मामी, ती धान्य खात नाही. किडे खाते, नाकतोडे, वाळवी, मुंग्या."

ताई, आपण पाणी गाळून पिणारी माणसं. हिला बोलवायचं तर किडे वाढायचे कसे? त्या दिवसांत विहार करत साध्वी माताजी आल्या होत्या. मी त्यांना हात जोडून, कोणाचं नाव न घेता विचारलं, की समजा एखाद्या श्राविकेनं आपल्या वावरात किडे आपोआप वाढू दिले, मारले नाहीत, आणि मग एखाद्या पक्ष्यानं येऊन ते आपल्या मनानं खाल्ले, तर पाप कोणाचं? माताजींनी उलट मलाच विचारलं, "तुझ्या धाकट्या जावेचं वावर इंझोरीला आहे ना?" (पेपर त्यांच्यापर्यंतही पोचला होता.) मग म्हणाल्या, "किड्यांचं नंतर पाहू. मनात जे वळवळतंय त्याचं आधी पाहा." मी घरी येऊन एक उपास केला. पण एक गोष्ट लक्षात आली, की फवारणी करू नका असं काही त्या म्हणाल्या नाहीत, आणि करा असंही म्हणाल्या नाहीत.

मग मी ह्यांच्या नकळत कामाला लागले. फवारणी बंद. निंदणाला बाया आल्या तेव्हा मी गोमतीबाईला सांगितलं, वरचा तुकडा सोडून द्या, गवत असू द्या. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "निंदाचं नाही? मंग आमी वावरात काय भजन म्हणाव? अन् बाई, तुमची तब्येत त बरी हाय ना?" पंधरा दिवसांत ते गवत असं माजलं की विचारू नका. ह्यांनी पाहिलं त्या दिवशी जेवले नाहीत. "प्रेमा, गवत काहून ठेवून राह्यली? लोकं मले विचारून राह्यले, शेठ खाटेवर पडले का म्हून!" मी म्हटलं, जीवदया. ते म्हणाले, "जीवदया धुऱ्यापलीकडं कर." पण तुमचा भाऊ मनानं देवमाणूस, तो तुकडा त्यांनी राहू दिला. फक्त त्या बाजूनं कोणाला नेत नाहीत.

आणि माघ महिन्यात, ताई, ती आली! मी स्वतः पाहिली. ढेकळावर उभी, शेपूट खालीवर, अंगावर त्याच रेघा. मी श्वास रोखून मोबाईलमध्ये फोटो काढला (माझा अंगठाही आला आहे, पण चिमणी स्पष्ट आहे) आणि ग्रुपवर टाकला, 'धनज येथेही मंगोलियाची पाहुणी. भगवंताची कृपा.' तुम्हीसुद्धा हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं, आठवतं का? संध्याकाळी रुचा स्कूटीवर धावत आली. मी पुरणपोळी करून ठेवली होती, पण आधी वावरात गेलो. तिनं दुर्बीण लावली, बराच वेळ पाहिलं, आणि हळूच म्हणाली, "मामी, ही आपली धान तिरचिमणी गं. इथलीच. बारा महिने इथंच असते." मी म्हटलं, अगं पण दोन्ही सारख्या दिसतात. तर म्हणाली, सारख्याच असतात, भलेभले फसतात, पण पंखावर काळे ठिपके असतात ना, ते चौकोनी असले तर मंगोलियाची आणि टोकदार असले तर इथली. आवाजही वेगळा. पाहुणी 'प्श्यू' म्हणते, घरची नुसतं 'चिप्'. म्हणजे बघा, अंग तेच, रेघा त्याच, चाल तीच, फक्त पदरावरची बुट्टी चौकोनी की टोकदार, एवढ्यावरून एकीचा पेपरात फोटो आणि दुसरीला कोणी विचारत नाही! मला पाहायला आले होते तेव्हा तुम्ही होतातच. स्वयंपाक विचारला, भक्तामर म्हणायला लावलं, उंची पाहिली. पण बुट्टी कोणी पाहिली नव्हती.

तेवढ्यात ग्रुपवर कांचनबाईंचं उत्तर आलं. 'घरचीच आहे वाटते 🙏'. ते जोडलेले हात मला अजून झोपू देत नाहीत.

तुम्हीच सांगा, ताई, त्या घरचीनं काय वाईट केलं आहे? वैशाखात वावर तव्यासारखं तापतं तेव्हा पाहुण्या सगळ्या थंड हवेला निघून जातात. ही इथंच. ढेकळाच्या आडोशाला वाटीएवढं घरटं करते, आपल्या सावलीत पिलं धरते, पावसाळा काढते, बैलाच्या पायाखालून वाचते. रुचा म्हणते, हिच्यावर अभ्यास फार कमी झाला आहे, कारण ती सगळीकडं आहे. हे वाक्य ऐकलं आणि मी पुरणपोळीवर तूप वाढायला स्वयंपाकघरात गेले, आणि जरा वेळ तिथंच थांबले.

त्यानंतर एक शंका मात्र माझ्या मनात बसली. ठिपक्यानं भलेभले फसतात म्हणे, मग कांचनबाईंची तरी कशावरून मंगोलियाची? मी रुचाला विचारलं. ती म्हणाली, "सोपं आहे. चैत्र संपता संपता निघून गेली तर पाहुणी, राहिली तर घरची." झालं. वीतराग भगवंतांकडं संसारातलं काही मागायचं नसतं, ते देतही नाहीत आणि घेतही नाहीत, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून मी पद्मावतीमातेपुढं उभी राहिले आणि म्हटलं, माते, इंझोरीची एकही चिमणी जाऊ देऊ नकोस. नारळही बोलले (फळ मिळाल्यावर द्यायचा, आधी नाही).

महावीर जयंती झाल्यावर मी मूगवड्यांचं निमित्त करून एसटीनं इंझोरीला गेले. अंगणात पाटी लावली आहे, 'तिरचिमनी दर्शन स्थळ', 'ण'च्या जागी चक्क 'न', पण रंग ऑइलपेंट. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मला चहा बशीसकट पाहुण्यांच्या कपात दिला. म्हणजे मीही पाहुणी! आणि ओसरीवर काय पाहिलं, तर रुचा खाली बसलेली आणि कांचनबाई तिच्या डोक्याला तेल लावून देत होत्या. ताई, ते आवळ्याचं तेल मी पाठवलं होतं. बाटलीवर माझ्या अक्षरात 'रुचा' लिहिलेलं होतं.

मग तिघीही वावरात गेलो. सगळं गवत वाळून पिवळं, आणि सामसूम. आठवड्यापूर्वीच सगळ्या गेल्या, रुचा म्हणाली. म्हणजे मातेनं माझं ऐकलं नाही. इतक्यात कांचनबाईंनी बोट दाखवलं. धसकटांत एक पळत होती, शेपूट खालीवर. "ती पाहा! एक राह्यली! आमची माया लागली तिले, जाऊबाई. जाता जाईना." डोळ्यांना पदर लावला हो त्यांनी! मी रुचाकडं पाहिलं. तिनं दुर्बीण लावली, आणि चिमणीही नेमकी त्याच वेळी बोलली, 'चिप्'. मला ऐकू आलं. रुचालाही आलं. टोकदार बुट्टी, चिप्, घरची! मी वाट पाहत राहिले, आता ही म्हणेल, मग म्हणेल. रुचानं दुर्बीण खाली घेतली, कांचनबाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि हसून म्हणाली, "असेल मामी."

असेल! माझीला तिनं दोन मिनिटांत घरची ठरवली, आणि कांचनबाईंची घरची निघाली तर 'असेल'! पुष्पाताई, मला चिमणीचं दुःख नाही. चिमण्या काय, आज आहेत, उद्या उडाल्या. पण माणूस खरं बोलतं कोणाशी आणि समजूत काढतं कोणाची, ह्याचा मी परतीच्या बसमध्ये फार विचार केला. एकदा वाटलं, आपल्या माणसाशीच खरं बोलतात. लगेच वाटलं, छे, ही आपली आपणच घातलेली समजूत.

आता शेवटचं आणि महत्त्वाचं. त्याच दिवशी रुचानं सांगितलं की पाहुण्यांच्या मागं तिलाही ज्येष्ठात मंगोलियाला जायचं आहे, त्यांची घरटी पाहायला, महिनाभर, आणि तुमची परवानगी अजून यायची आहे. ताई, देऊ नका. तुम्ही आई आहात. तिथं झाड नाही, भाजी नाही, वारा असा की माणूस उभं राहत नाही, लोक मांसाशिवाय दुसरं काही खात नाहीत, आणि राहायचं तंबूत. आपलं मंदिर तर कुठं औषधालाही नाही. चिमणीचा अभ्यासच करायचा तर इथं धनजला घरची आहे, तिच्यावर अभ्यास कमी झाला आहे असं तीच म्हणते. पावसाळ्यात तिची अंडी असतात, वरची खोली रिकामी आहे, गवताचा तुकडा मी अजून राखून ठेवला आहे. पोरीला समजावून इकडं पाठवा. एवढंच माझं मागणं, दुसरं काही नाही. मनात कोणाबद्दल काही नाही, हे सुरुवातीला लिहिलंच आहे. मोठ्यांना नमस्कार, छोट्यांना आशीर्वाद, आणि लिहिण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.

तुमची भावजय
प्रेमा

ता. क. : सोबतच्या पिशवीत मूगवड्या आहेत. उन्हात एकदा दाखवून मग डब्यात भरा. अशाच इंझोरीलाही दिल्या, पण ह्या जास्त चांगल्या आहेत.

ता. क. दुसरा : वर सांगायचं राहिलं. तुम्ही रुचाला म्हणाला आहात म्हणे, की घरातली एक मोठी बाई सोबत असेल तरच मंगोलियाला जाऊ देईन. कांचनबाई तयार झाल्या आहेत, पांढऱ्या पडद्यापुढं बसून पासपोर्टसाठी फोटोही काढून आल्या. रुचानं त्यांना विचारलं की त्यांनीच स्वतःहून सांगितलं, ते मी विचारलं नाही. पण माझी बस सुटताना पोरगी खिडकीखाली उभी राहून म्हणाली, "मामी, तुला थंडी सहन होते का गं?" मी कारंज्यापर्यंत त्याचा अर्थ लावत आले. ताई, मला थंडी अगदी सहन होते. कांचनबाईंना एसटीतसुद्धा मळमळतं, हे तुमच्या कानावर असावं. आणि खाण्याचं म्हणाल तर मी मयंकला फोन करून चौकशी केली आहे. ज्येष्ठात तिथं जवळजवळ नऊ वाजेपर्यंत दिवस मावळत नाही. म्हणजे आपल्या माणसाला जेवायला किती निवांत! खाकरे, मेतकूट, सातूचं पीठ आणि भाजलेला रवा ह्यांवर महिना कसा काढायचा, ते मी ठरवून ठेवलं आहे. गाळणं दोन नेईन.

ता. क. तिसरा : ह्यांना अजून काही सांगितलेलं नाही. थोरल्या बहिणीचा शब्द ते मोडत नाहीत, तेव्हा तुम्हीच एक कडक पत्र पाठवा, की रुचासोबत प्रेमानंच गेलं पाहिजे, दुसरी कोणी चालणार नाही. मी नको-नको म्हणत होते असंही त्यात लिहा. पत्र ह्यांच्या नावानं असू द्या, पण जरा मोठ्या अक्षरात आणि स्वच्छ, म्हणजे मला ते इंझोरीला जाऊन वाचून दाखवता येईल.